अर्ध्या आण्याची सोबत : गालिबची तफ्ताला पत्रे

१८५८ च्या नोव्हेंबर महिन्यात दोन माणसांनी मिर्झा गालिबपुढे एक कल्पना मांडली. त्याने मित्रांना आणि शिष्यांना उर्दूत लिहिलेली पत्रे गोळा करून छापावीत, अशी ती कल्पना होती. मांडणाऱ्यांपैकी एक होता आग्र्याचा छापखानदार मुन्शी शिवनारायण ‘आराम’ आणि दुसरा मुन्शी हरगोपाल ‘तफ्ता’. गालिबने दोघांनाही नकार कळवला. ही पत्रे लक्ष देऊन लिहिलेली नाहीत, ती छापली तर आपल्या कीर्तीला बाधा येईल आणि आपसातल्या गोष्टी चारचौघांत न्यायच्या कशाला, असा त्याच्या म्हणण्याचा आशय होता.

पुढे काय झाले ते सर्वांना ठाऊक आहे. ‘ऊद-ए-हिंदी’ हा पत्रसंग्रह १८६८ मध्ये निघाला. ‘उर्दू-ए-मुअल्ला’ हा दुसरा संग्रह मार्च १८६९ मध्ये, गालिबच्या मृत्यूनंतर तीन आठवड्यांच्या आत बाहेर पडला. आज उर्दू गद्याचा इतिहास लिहिणारा कोणीही या दोन पुस्तकांना वळसा घालून पुढे जाऊ शकत नाही. ज्या मजकुराने आपली अब्रू जाईल असे लिहिणाऱ्याला वाटत होते, त्याच मजकुराने त्याला गद्यकार म्हणून अमर केले.

मराठी वाचकाला गालिब नवा नाही. सेतुमाधवराव पगडींसारख्या अभ्यासकांनी तो आपल्याकडे आणला, गझलगायकांनी तो घरोघरी पोचवला. पण आपल्याकडे आला तो बहुतेक शेरांतून. पत्रलेखक गालिब आपल्याकडे फारसा फिरकला नाही. गेली काही वर्षे मी या पत्रांमागे लागलो आहे. मी कोणत्याही विद्यापीठात उर्दू शिकलो नाही. नोकरी सांभाळून, संध्याकाळी एका निवृत्त शिक्षकांकडे बसून अलिफ-बे गिरवले आणि पुढची वाट शब्दकोशाच्या आधाराने चाललो. गझलेपाशी कोश अनेकदा हात टेकतो. पत्रांपाशी मात्र तो बराच उपयोगी पडतो, कारण तिथे डाळ, औषध, भाडे, टपाल असल्या गोष्टी असतात. त्या गोष्टींविषयीच मला लिहायचे आहे.

कोण हा तफ्ता?

गालिबची आज उपलब्ध असलेली उर्दू पत्रे साडेआठशेहून अधिक आहेत. बनारस हिंदू विद्यापीठातले मौलवी महेश प्रसाद यांनी ती कालक्रमाने लावण्याचे मोठे काम आरंभले. त्यांच्या ‘खुतूत-ए-गालिब’चा पहिला भाग १९४१ मध्ये अलाहाबादच्या हिंदुस्तानी अकादमीने काढला. नंतर खलीक अंजुम यांनी दिल्लीच्या गालिब इन्स्टिट्यूटसाठी चार खंडांत सगळा पत्रव्यवहार संपादित केला. इंग्रजीत राल्फ रसेल आणि खुर्शीदुल इस्लाम यांनी १९६९ मध्ये पत्रांच्या आधारे गालिबचे चरित्रच उभे केले.

या पत्रांपैकी शंभराहून अधिक एकट्या तफ्ताला लिहिलेली आहेत. हरगोपाल हा सिकंदराबादचा कायस्थ. हे सिकंदराबाद म्हणजे हैदराबादजवळचे नव्हे, उत्तरेत बुलंदशहर जिल्ह्यातले. तो फारसीत कविता करी आणि त्या दुरुस्तीसाठी, म्हणजे ‘इस्लाह’साठी, गालिबकडे पाठवी. नात्याने शिष्य, पण वयाने जवळजवळ बरोबरीचा. गालिबने त्याला ‘मिर्झा तफ्ता’ म्हणायला सुरुवात केली. ‘मिर्झा’ ही मोगली उमरावांची उपाधी. ती एका कायस्थ मुन्शीला देऊन टाकताना दरबाराची परवानगी लागली नाही, फक्त पत्राचा मायना लागला.

मायना हा शब्द मी मुद्दाम वापरतो. आपल्या जुन्या मराठी पत्रांतही ‘शिरसाष्टांग नमस्कार विनंती विशेष’ येथून सुरुवात होई आणि वडील, गुरू, यजमान, धाकटा भाऊ अशा प्रत्येकाचा मायना ठरलेला असे. फारसी पत्रलेखनात हा प्रकार याहून कितीतरी भारी होता. विशेष म्हणजे गालिब स्वतः या विद्येतला जाणकार. त्याच्या ‘पंज आहंग’ या फारसी पुस्तकाचा पहिला भाग कोणाला कोणती संबोधने लावावीत याचाच आहे आणि ते पुस्तक १८४९ मध्ये छापले गेले. म्हणजे मायन्यांचे पुस्तक छापून निघत होते त्याच सुमारास हा माणूस स्वतःच्या पत्रांतून मायना काढून टाकत होता. कधी नुसते ‘भाई’, कधी ‘साहेब’, कधी ‘मियां’, कधी काहीच नाही, एकदम मुद्दा. लहर लागली तर ‘तफ्ता’शी यमक जुळवून मित्राला पौर्णिमेचा चंद्र ठरवणारे लांबलचक संबोधन. पत्रव्यवहाराचे आपण संभाषण करून टाकले, अशी बढाईही त्याने एका मित्राला लिहिताना मारली आहे. ती खोटी नाही.

फारसी सोडून तो उर्दूकडे का वळला, याचे उत्तर त्याचा शिष्य आणि चरित्रकार अल्ताफ हुसेन हाली याने ‘यादगार-ए-गालिब’मध्ये दिले आहे. १८५० मध्ये बहादुरशहा जफरने गालिबला तैमुरी घराण्याचा फारसी इतिहास लिहिण्याच्या कामावर महिना पन्नास रुपयांवर नेमले. सगळी ताकद त्यात जाऊ लागली, तेव्हा पत्रांसाठी फारसीची कसरत परवडेना, असे हालीचे म्हणणे. पण तफ्ताला लिहिलेली काही उर्दू पत्रे या नेमणुकीच्या थोडी आधीची आहेत. तेव्हा कामाचा बोजा हे कारण असले तरी एकमेव नसावे. मला वाटते, दुसरे कारण समोरचा माणूस हेच आहे. जवळजवळ रोज ज्याच्याशी बोलायचे, त्याच्याशी कोणी जरीचा अंगरखा घालून बोलत नाही.

हुंडी, कल्याण आणि बाजार

या पत्रांसाठी मी एक वही केली आणि तिच्यात रकाने पाडले : कवितेची दुरुस्ती, पैसा, टपाल, तब्येत, शहर, इतर. दुरुस्तीचा रकाना अर्थातच भरगच्च आहे, कारण तफ्ता गझलांवर गझला पाठवी आणि गालिब त्यांच्या ढिगाखाली कुरकुरत असे. अमुक शब्द फारसीत या अर्थाने चालत नाही, तमुक जुन्या कवीने वापरला म्हणून चूक बरोबर ठरत नाही, असल्या चर्चा पानेच्या पाने आहेत. त्या फारसीच्या अभ्यासकाला मोलाच्या वाटतील. मला मात्र ‘इतर’ या रकान्याने धरून ठेवले.

एका पत्रात शंभर रुपयांची हुंडी वटवल्याची हकीकत आहे. चोवीस रुपये आधी उचल घेतलेली होती, ती फेडली. पन्नास घरात बायकोकडे पाठवले. सव्वीस उरले, ते पेटीत ठेवले. कल्याण नावाचा नोकर बाजारात गेला आहे, तो लवकर आला तर पत्र आज टपालात पडेल, नाहीतर उद्या. बस्स. यात अलंकार नाही, तत्त्वज्ञान नाही. पण वाचणाऱ्यापुढे एक घर उभे राहते : कर्जाची उचल, आतल्या दालनातली बायको, पेटी आणि दाराकडे लागलेले डोळे. बेरीज करून पाहिली तर बरोबर शंभर भरते. मित्राला एवढा चोख हिशेब कळवण्याची गरज नव्हती. तो कळवावासा वाटला, यात त्या मैत्रीची जात कळते.

दुसऱ्या एका पत्रातली गोष्ट उर्दू वाचकांत प्रसिद्ध आहे. तफ्ताने ओळखीच्या एका गृहस्थाची दुसरी बायको वारल्याचे आणि तो आता तिसऱ्या लग्नाच्या विचारात असल्याचे कळवले होते. गालिबला त्या गृहस्थाची कीव आली आणि हेवाही वाटला. त्याच्या बेड्या दोनदा तुटल्या आणि आपल्या गळ्यातला फास पन्नास वर्षे झाली तरी सुटत नाही, फासही तुटत नाही आणि जीवही जात नाही, अशी त्याची तक्रार. आजच्या वाचकाला ही थट्टा बोचेल आणि बोचावीच. गालिबचे लग्न १८१० मध्ये, वयाच्या तेराव्या वर्षी उमराव बेगमशी झाले. सात मुले झाली, त्यांतले एकही जगले नाही. बायकोच्या नात्यातला आरिफ हा तरुण कवी त्यांनी मुलासारखा मानला, तोही १८५२ मध्ये गेला. आरिफची दोन लहान मुले या म्हाताऱ्या जोडप्याने वाढवली. त्या पन्नास वर्षांचा भार दोघांनी वाहिला. पत्रे मात्र एकानेच लिहिली. उमराव बेगमची बाजू आपल्यापुढे नाही, हे ही थट्टा वाचताना विसरता कामा नये.

तफ्ताला तो दटावतही असे. एकदा तफ्ताच्या डोक्यात वस्त्रत्यागाचे, फकिरीचे खूळ शिरले. गालिबने विचारले की टाकून देण्यासारखे तुझ्या अंगावर आहे तरी काय? कपडे उतरवून जगण्याची बेडी सुटत नाही, खाल्ल्यापिल्ल्याशिवाय दिवस जात नाही, तेव्हा कडू-गोड जे येईल ते सोसत राहा. प्रस्तावनेच्या निमित्ताने एकदा त्याने स्वच्छ सांगितले की, भाटासारखे स्तुतीचे पवाडे गाणे आपल्या स्वभावात नाही. मित्राच्या पुस्तकावर लिहितानाही हा नियम तो मोडायला तयार नव्हता. आपल्याकडे पुस्तकांच्या प्रस्तावना लिहिणाऱ्यांनी हे पत्र टेबलावर लावून ठेवायला हरकत नाही.

दुसरा जन्म

मे १८५७ मध्ये बंडवाले शिपाई दिल्लीत शिरले. सप्टेंबरमध्ये इंग्रजांनी शहर परत घेतले. त्यानंतर जे झाले त्याला सूड याशिवाय दुसरा शब्द नाही. मुसलमान कुटुंबे शहराबाहेर हाकलली गेली. गालिब बल्लीमारान भागात राहत होता. त्या गल्लीत पतियाळाच्या महाराजांच्या पदरच्या हकिमांची घरे होती आणि महाराज इंग्रजांच्या बाजूचे असल्याने तिथे त्यांचे पहारे बसले होते. त्यामुळे गालिब आपल्या घरात राहू शकला. त्याचा वेडसर धाकटा भाऊ मिर्झा युसूफ दुसरीकडे राहत होता. तो ऑक्टोबरात वारला. बादशहाकडचा पगार गेला आणि चुलत्याच्या जहागिरीपोटी इंग्रजांकडून मिळणारे साडेसातशे रुपये सालाचे निवृत्तिवेतनही बंद पडले.

या दिवसांची गालिबने दोन प्रकारे नोंद केली. एक ‘दस्तंबू’ ही फारसी रोजनिशी. तिच्यात ११ मे १८५७ पासून पुढची सुमारे सव्वा वर्षाची हकीकत आहे. दुसरी नोंद पत्रांत विखुरलेली. ‘दस्तंबू’ इंग्रज अधिकाऱ्यांच्या नजरेखाली जाणार हे धरूनच लिहिलेली आहे. तिला राणी व्हिक्टोरियाची स्तुती जोडलेली आहे, कारण निवृत्तिवेतन सुरू व्हायचे होते. तिची भाषाही मुद्दाम अवघड आहे, कारण एकही अरबी शब्द न वापरता शुद्ध फारसी लिहिण्याची त्याने प्रतिज्ञा केली होती.

पत्रांची गोष्ट वेगळी. डिसेंबर १८५७ मध्ये तफ्ताला लिहिलेले एक पत्र मला सगळ्या पत्रव्यवहारात श्रेष्ठ वाटते. त्यात तो आपले आयुष्य दोन जन्मांत वाटून टाकतो. एक जन्म होता, त्यात आपले मित्र होते, कविता होत्या, त्यांतच हरगोपाल तफ्ता नावाचा एक जिवलग होता. मग तो जन्म संपला. आता दुसऱ्या जन्मात पत्र पाठवले तर तफ्ता याच नावाच्या माणसाकडून उत्तर येते. शहराचे नाव दिल्लीच आहे, गल्लीचे नावही बल्लीमारानच, पण मागल्या जन्मातला एकही मित्र दिसत नाही.

एक मुसलमान कवी हिंदू मित्राला आपला सर्वनाश सांगताना पुनर्जन्माची कल्पना उचलतो. प्रलय, कयामत हे शब्द त्याच्या हाताशी होते. मित्राच्या घरातली कल्पना त्याने जवळ केली, कारण ती समोरच्याला समजावून सांगावी लागत नाही. मला यात धर्मसमन्वयाचा उपदेश दिसत नाही, बोलण्याची सवय दिसते. ज्याच्याशी बोलायचे त्याच्या भाषेत बोलणे ही ती सवय.

याच पत्रात सविस्तर हकीकत लिहायला भीती वाटते असेही तो नोंदवतो. म्हणजे ही पत्रे मोकळी असली तरी बेसावध नाहीत. टपाल सरकारचे होते आणि शहर लष्करी अमलाखाली होते. ‘गालिबच्या पत्रांत १८५७ चे खरे चित्र आहे’ असे सरसकट लिहिले जाते, तेव्हा हे वाक्य ध्यानात ठेवावे. पत्रांत काय आहे याबरोबरच काय लिहायचे टाळले आहे, हाही इतिहासच आहे.

इथे मला वरसईच्या गोडसे भटजींची आठवण होते. त्यांचे ‘माझा प्रवास’ही १८५७ चेच. पण भटजींनी हकीकत लिहिली ती प्रसंगाला पंचवीसेक वर्षे लोटल्यावर, चिंतामणराव वैद्यांच्या सांगण्यावरून, आणि ती छापली गेली १९०७ मध्ये. भटजींना गोष्ट कशी संपली हे ठाऊक आहे, म्हणून त्यांच्या सांगण्याला गोष्टीचा घाट आहे. गालिबला पुढच्या आठवड्यात काय होणार हेही ठाऊक नाही. निवृत्तिवेतन मिळणार की नाही, शहरात राहू देतील की नाही, जामा मशीद उभी राहील की नाही, सगळे टांगलेले. पत्राचे मोल या टांगलेपणात आहे. आठवणीत अनिश्चितता टिकत नाही, पत्रात ती जशीच्या तशी राहते.

बैरंग पाठव, पण पाठव

१ ऑक्टोबर १८५४ पासून हिंदुस्थानात टपालाचा नवा दर लागू झाला. पाव तोळ्यापर्यंतचे पत्र अर्ध्या आण्याच्या तिकिटात कितीही लांब जाऊ लागले. त्याआधी अंतरावर दर ठरे. तिकीट न लावता टाकलेले पत्र ‘बैरंग’, म्हणजे आपण ज्याला नॉटपेड म्हणत असू ते, आणि घेणाऱ्याला त्याचे दुप्पट पैसे मोजावे लागत. गालिबची उर्दू पत्रे नेमकी या काळातली आहेत. नव्या टपालाशिवाय हा पत्रव्यवहार एवढा वाढला नसता, असे मला ठामपणे वाटते. पूर्वी पत्र म्हणजे एक घटना होती, अर्ध्या आण्याने ती रोजची सवय झाली. कमी खर्चाच्या पत्रात माणूस कमी महत्त्वाचे लिहितो आणि कमी महत्त्वाच्या गोष्टींतच त्याचे दिवस असतात.

१८५८ च्या अखेरीस तफ्ताचे पत्र दहा-बारा दिवस आले नाही. तेव्हा गालिबने लिहिले की, या एकांतात आपण पत्रांच्या भरवशावर जगतो. ज्याचे पत्र आले तो माणूसच भेटून गेला असे मानतो. डाकवाला दिवसातून दोनदा येतो, कधी एक पत्र, कधी दोन, आणि तेवढ्यावर दिवस सरतो. मग तू का लिहिले नाहीस? अर्ध्या आण्याची कंजुषी करत असशील तर बैरंग पाठव.

शेवटच्या वाक्यात थट्टा आहे, पण हे लिहिणाऱ्याचे त्या वेळचे उत्पन्न पाहा. निवृत्तिवेतन मे १८५७ पासून बंद. रामपूरच्या नवाबाचे महिना शंभर रुपये जुलै १८५९ मध्ये सुरू व्हायचे होते. निवृत्तिवेतन परत मिळाले ते मे १८६० मध्ये, तीन वर्षांच्या थकबाकीचे सव्वादोन हजार रुपये एकदम हातात आले आणि त्यांतले बरेचसे सावकारांकडे गेले. अशा काळात दुप्पट दंड आपण भरू, पण तू लिही, असे हा साठीतला माणूस म्हणतो आहे. अर्ध्या आण्यात तेव्हा त्याला माणसाची सोबत मिळत होती. ती थांबली असती तर, भोवती ओळखीचे कोणी उरलेले नसताना, तो कोणाशी बोलणार होता?

त्याच वर्षी ‘दस्तंबू’ आग्र्याला शिवनारायणच्या छापखान्यात छापली जात होती. दिल्लीत बसलेल्या गालिबचे डोळे आणि हात म्हणजे तफ्ता. कागद कसा असावा, बांधणी कशी असावी, राणीसाठीची प्रत कशी सजवावी, याच्या सूचनांनी पत्रे भरली आहेत. मजकुरात ‘नहीब’ हा शब्द राहून गेला होता. तो अरबी निघाला. अरबीमुक्त फारसीची प्रतिज्ञा मोडणार! लगेच पत्र गेले की तो शब्द चाकूने खरवडून तिथे ‘नवा’ घालावा. शहर उद्ध्वस्त, खिसा रिकामा, आणि एका शब्दासाठी ही तगमग. काहींना हे हास्यास्पद वाटेल. ज्याने कधी मुद्रिते तपासली आहेत, त्याला वाटणार नाही.

पुढे तफ्ताचे ‘सुंबुलिस्तान’ हे पुस्तक निघाले. छपाई वाईट होती. गालिबने कौतुकाच्या दोन ओळी लिहून विषय मिटवला नाही. पैसे वाया घातलेस, तुझी कविता आणि माझी दुरुस्ती दोन्ही बुडवलीस, असे त्याने सुनावले. उपमा दिली ती लाल किल्ल्यातल्या बेगमांची. त्या आता शहरात फिरतात, चेहरे चंद्रासारखे, पण कपडे मळलेले, विजारी फाटक्या, पायांत तुटक्या चपला. तुझे पुस्तक तसे, देखण्या स्त्रीच्या अंगावर चिंध्या. पुस्तकाच्या छपाईविषयी तक्रार करता करता राजघराण्याची अवस्था एका ओळीत लिहून गेली. ‘दस्तंबू’त अशी ओळ लिहिण्याची सोय नव्हती.

म्हातारपणाची नोंदवही

साठी उलटल्यावर तब्येतीचा रकाना भरू लागतो. अंगभर गळवे, हातपाय सुजलेले, ऐकू कमी. पुढे पुढे भेटायला येणाऱ्याला म्हणणे कागदावर लिहून दाखवावे लागे. कवितांच्या दुरुस्तीचे काम झेपेना, तरी देशभरातून कविता येतच राहिल्या. आपण हिजरी १२७७ मध्ये मरणार असे भाकीत त्याने करून ठेवले होते. ते वर्ष आले, शहरात पटकीची साथही आली, आणि हा जिवंत राहिला. मीर महदी मजरूहला त्याने खुलासा पाठवला की, सर्वसामान्य साथीत मरणे आपल्या इभ्रतीला शोभले नसते.

पण तफ्ताला लिहिलेल्या एका पत्रात सूर वेगळा लागतो. इब्न सिनाचे ज्ञान आणि नजीरीची कविता दोन्ही त्याला निरर्थक वाटू लागली आहेत. हिंदूंत कोणी अवतार झाला, मुसलमानांत कोणी पैगंबर झाला, जगात नाव झाले किंवा न झाले, काय फरक पडतो? पोटापुरते काही असावे, शरीर धड असावे, बाकी सगळा भास. ज्या माणसाने आयुष्यभर फारसी कवींत आपली जागा कुठली यावरून वाद घातले, त्याचे हे म्हणणे. हे त्याने दरबाराला, नवाबाला, छापखान्याला लिहिले नाही. दुरुस्तीसाठी रोज गझला पाठवणाऱ्या शिष्यालाच लिहिले. कवितेवरचा अविश्वास बोलून दाखवायला कवितेवर सगळ्यात जास्त विश्वास असलेला माणूस लागतो. तफ्ता गझला पाठवतच राहिला.

हालीने अखेरच्या दिवसांची आठवण नोंदवली आहे. लोहारूहून नवाब अलाउद्दीन अहमद खान ‘अलाई’ याने प्रकृतीची विचारपूस केली होती. गालिबने मृत्यूच्या आदल्या दिवशी उत्तर लिहवून घेतले. माझी तब्येत मला काय विचारतोस, एक-दोन दिवसांनी शेजाऱ्यांना विचार, अशा आशयाचे. १५ फेब्रुवारी १८६९ रोजी तो गेला.

पत्र आपण होऊन लिहिले गेले का?

अभ्यासकांपुढे एक प्रश्न नेहमी येतो : ही पत्रे खरेच सहज लिहिलेली आहेत, की सहजतेचे सोंग आहे? याला मला तारखांच्या आधारे उत्तर द्यावेसे वाटते. नोव्हेंबर १८५८ मध्ये छापण्याची कल्पना आली आणि गालिबने ती नाकारली. साठच्या दशकात त्याचे मन बदलले आणि इतरांनी चालवलेल्या संग्रहाच्या कामाला त्याने हातभार लावला. म्हणजे नंतरच्या पत्रांवर भावी वाचकाची सावली पडलेली असू शकते. पण हुंडीचा हिशेब, पुनर्जन्माचे पत्र, ‘दस्तंबू’च्या बहुतेक सूचना हे सगळे त्या नकाराच्या आधीचे. तफ्ताला लिहिलेल्या या पहिल्या दहा वर्षांच्या पत्रांकडे मी म्हणूनच पुन्हा पुन्हा जातो. ती लिहिताना समोर एकच वाचक होता.

आणखी एक गोष्ट. आपल्या हाती गालिबची बाजू आहे, कारण तफ्ताने ती जपली. बंड, लुटालूट, गावोगावची भटकंती या सगळ्यांतून त्याने ती पाने सांभाळली, तेव्हा ती छापखान्यापर्यंत पोचली. तफ्ताची फारसी कविता आज कोण वाचतो? पण उर्दू गद्याच्या पायातला एक दगड त्याने रचला, आणि तो रचला पत्रे लिहून नव्हे, न टाकून देऊन.

या ओळी वाचणाऱ्यांपैकी अनेकांच्या घरी माळ्यावर पत्रांचे गठ्ठे असतील. आजोबांची, मावशीची, एखाद्या अपरिचित कवीची. दिवाळीच्या साफसफाईत त्यांवर पहिला हात पडतो. त्यांतली ‘महत्त्वाची’ पत्रे निवडून बाकीची टाकू नका. डाळीचा भाव, औषधाची बाटली, मनीऑर्डर पोचली की नाही, हेच उद्याच्या अभ्यासकाला हवे असेल. पाकिटेही टाकू नका. तारीख नसलेल्या पत्राची तारीख पुष्कळदा पोस्टाच्या शिक्क्यावरूनच कळते. पत्र ज्या पाकिटात आले त्याच पाकिटात ठेवा, रबर बँड लावू नका, आणि ते कोणी कोणाला लिहिले एवढे एका चिठ्ठीवर पेन्सिलीने लिहून आत सरकवा. एवढ्याला खर्च येत नाही.